इंजेक्शनची सही, भावाचे स्क्रीनशॉट आणि बाबांचा उजवा हात

पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, आईबाबा त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये. तीन महिन्यांपूर्वी सकाळी पावणेसातला बाबांच्या हातातून चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. वय ७१. नवरा गावी गेलेला, मी आणि वॉचमनकाकांनी मिळून गाडीत घातलं आणि आठच्या आत हॉस्पिटलला पोचलो. सीटी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक आहे, मेंदूची मोठी नस उघडी दिसतेय, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल पण शंभरात पाचसहा जणांना डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, लगेच ठरवा. मी सही केली. साडेआठला इंजेक्शन सुरू. रक्तस्राव झाला नाही, पण दुसऱ्या दिवशीही हात हलला नाही. आता बाबा काठीशिवाय चालतात, पण शर्टाची बटणं लागत नाहीत, डाव्या हाताने जेवतात, शब्द अडकतात, मधेच रडतात. भाऊ बंगळुरूला असतो. तो रोज ट्रायलचे, म्हणजे पेशंटवर केलेल्या औषधांच्या चाचण्यांचे, स्क्रीनशॉट पाठवतो. म्हणतो, या इंजेक्शनने रक्तस्राव दहापट होतो आणि मृत्यू कमी होत नाहीत, तू न विचारता सही केलीस. तार घालून गुठळी काढतात तिथे न्यायला हवं होतं. पहिल्याच दिवशी उठवून व्यायाम का नाही घेतला. आणि आता ९० दिवस झाले, यापुढे काही सुधारणार नाही. त्यात एक ओळखीचे मेंदूला ताकद देणाऱ्या इंजेक्शनचा दहा दिवसांचा कोर्स सुचवतायत, आई त्यासाठी बांगड्या मोडायला निघाली. मी चुकले का? ता. क. भाचीचं लग्न कोपरखैरण्याला आहे, बाबांना नेऊ का?"

तुझ्या भावाने पाठवलेले आकडे खरे आहेत गं. हे आधीच सांगते, कारण तू त्याला "नेटवरचं काहीही वाचतोस" म्हणून उडवून लावायला गेलीस तर तो अजून चार पानं पाठवेल आणि भांडण वाढेल. आकडे खरे, पण टेबलाच्या दोन ओळी वाचल्यात आणि ज्या ओळीसाठी तो ट्रायल केला होता ती सोडून दिलीय.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, म्हणजे फॉर्म भरणं, पेशंटच्या मागे लागून फॉलोअपला आणणं, आणि नाही आला तर फोन करणं. बाबांच्या सीटीचा अर्थ त्यांचे न्यूरॉलॉजिस्टच सांगणार, त्यात मी पडत नाही, पण ट्रायलमध्ये "बरा झाला" कशाला म्हणतात ते मला नीट माहितीय आणि तुमच्या घरातलं अर्धं भांडण तिथेच आहे.

स्ट्रोकच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा ९०व्या दिवशी पेशंटला शून्य ते सहा असा एक आकडा देतात, त्याला मॉडिफाइड रँकिन स्केल म्हणतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. एक म्हणजे थोडं जाणवतं पण आधीची सगळी कामं जमतात. दोन म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही पण स्वतःचं स्वतः बघतो. तीन म्हणजे मदत लागते पण आपल्या पायाने चालतो. चार म्हणजे धरल्याशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, आणि सहा म्हणजे गेला. हा आकडा काढायला मशीन नाही, प्रश्न विचारायचे असतात. एकटे दुकानात जाता का, अंघोळीला कोण लागतं, पैशाचे व्यवहार कोण बघतं. आजोबा फोनवर ठणकावून सांगणार की सगळं मीच करतो, आणि मागून आजीचा आवाज येणार, हो का, मग पायजम्याची नाडी कोण बांधतं. असले फोन संपता संपायचे नाहीत.

आता भाऊ दाखवतोय तो ट्रायल बघू. तो अमेरिकेतला एनआयएनडीएस, डिसेंबर १९९५ मध्ये छापून आला, ६२४ पेशंट, स्ट्रोक सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अर्ध्यांना अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषधवाल्यांत ६.४ टक्के, बिनऔषधवाल्यांत ०.६ टक्के. झालं तुझ्या भावाचं दहापट. तीन महिन्यांत मृत्यू १७ टक्के आणि २१ टक्के, हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच, म्हणून "मृत्यू कमी होत नाहीत" हेही बरोबर. आणि सोडलेली ओळ ही, ट्रायलच्या दुसऱ्या भागातली: तीन महिन्यांनी शून्य किंवा एकवर पोचलेले, म्हणजे जवळजवळ पूर्वीसारखे झालेले, औषधवाल्यांत ३९ टक्के, बिनऔषधवाल्यांत २६ टक्के. म्हणजे शंभर माणसांमागे तेरा जास्त लोक आपल्या जुन्या आयुष्यात परत गेले. हे इंजेक्शन माणूस जगावा म्हणून देतातच असं नाही, जगला तर दुसऱ्यावर अवलंबून राहू नये म्हणून देतात.

आणि एक गोष्ट भावाला मुद्दाम सांग. रक्तस्राव झालेली ती सहा माणसं त्या तेराच्या हिशोबाबाहेर ठेवलेली नाहीत. त्यातले जे गेले ते सहामध्ये मोजले गेले, जे अंथरुणाला खिळले ते पाचमध्ये, त्यांच्यासकट बेरीज करून मग तेरा जास्त आलेत. रक्तस्रावाचा आकडा परत वेगळा वजा करायचा नसतो, तो आधीच वजा झालेला आहे. भाऊ आयटीत असेल तर हे त्याला एका मिनिटात कळेल.

हा एकच ट्रायल असता तर मीही एवढ्या ठामपणे बोलले नसते. २०१४ मध्ये नऊ ट्रायलचे ६७५६ पेशंट एकत्र मोजले गेले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत ३२.९ टक्के शून्य-एकवर, न मिळालेल्यांत २३.१. तीन ते साडेचार तासांत ३५.३ आणि ३०.१. त्याच्या पुढे फरक इतका बारीक झाला की असून नसल्यासारखा. पहिल्या सात दिवसांत रक्तस्रावाने गेलेले २.७ टक्के आणि ०.४ टक्के, म्हणजे धोका खरा आहे, कुणी लपवलेला नाही, तुझ्या डॉक्टरांनीही नाही लपवला, तुला पाचसहा सांगितलं ते बरोबरच सांगितलं. तुझ्या बाबांचा कप पडला पावणेसातला आणि औषध सुरू झालं साडेआठला, म्हणजे पावणेदोन तास. घोडबंदर रोडवर सकाळी. मला विचारशील तर त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम तू आणि वॉचमनकाकांनी गाडी काढली तेव्हाच झालं, सही नंतरची गोष्ट.

"पण दुसऱ्या दिवशीही हात हलला नाही" असं तू लिहिलंयस, आणि मला वाटतं भावाच्या बोलण्यापेक्षा हेच तुला जास्त खातंय. तर ऐक, त्या १९९५च्याच ट्रायलच्या पहिल्या भागात २४ तासांनी किती जणांत ठरावीक सुधारणा दिसली ते मोजलं होतं आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक सापडला नव्हता. फरक तीन महिन्यांनी दिसला. इंजेक्शन दिलं आणि पेशंट उठून बसला असं होतं कधीकधी, वॉर्डमध्ये सगळे तेच किस्से सांगतात, पण बहुतेकांचं तसं होत नाही.

मग बाबा त्या ३९ मध्ये का नाहीत? क्लासचा निकाल ९० टक्के लागला म्हणून आपल्या पोराला ९० टक्के पडत नाहीत, तसंच आहे हे. औषध मिळूनही शंभरातले एकसष्ट जण शून्य-एकवर पोचले नाहीत. त्या एकसष्टांत काही असे असणार जे औषध नसतं तर चारवर अडकले असते आणि औषधामुळे तीनवर आले, पण नेमके कोण ते कुणालाच कळत नाही, कारण एका माणसाला एकदाच स्ट्रोक झाला आणि एकदाच निर्णय झाला, दुसरी बाजू बघायला मिळत नाही. तुझ्या वर्णनावरून बाबा आज तीनच्या आसपास वाटतात, चालतात, बटणाला मदत लागते. सही केली नसती तर ते कुठे असते हे भावाला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. सकाळी आठनंतर हातात होती ती माहिती धरून तू जे केलंस ते जगभरचे स्ट्रोकचे डॉक्टर स्वतःच्या वडिलांसाठी करतील. चुकले का, तर नाही.

अजून एक, भावाचा पुढचा स्क्रीनशॉट बहुधा टेनेक्टेप्लेजचा येईल, की नवीन औषध चांगलं होतं ते का नाही दिलं. २०२२ मध्ये कॅनडाच्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याने ३६.९ टक्के शून्य-एकवर आले आणि जुन्याने ३४.८, म्हणजे साधारण बरोबरीत. तासभर ड्रिप लावण्याऐवजी एका झटक्यात देता येतं ही त्याची सोय. आणि गुठळी विरघळवणारं म्हणून काहीही चालतं असंही नाही, हार्ट अ‍ॅटॅकला आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलेलं स्ट्रेप्टोकायनेज नव्वदच्या दशकात स्ट्रोकला वापरून पाहिलं तर रक्तस्राव आणि मृत्यू इतके वाढले की ट्रायल मधेच थांबवावे लागले.

आता तार घालून गुठळी काढणं, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमी. भावाचा मुद्दा वाईट नाही, फक्त तुमच्या केसचा नाही. या ट्रायलची गोष्ट वाचण्यासारखी आहे. २०१३ मध्ये एकदम तीन ट्रायल आले आणि तिन्हींत काही फायदा दिसला नाही, लोक म्हणाले संपलं हे प्रकरण. मग नेदरलँड्सचा मिस्टर क्लीन आला, २०१५च्या सुरुवातीला छापला, आणि त्याच वर्षात पाठोपाठ अजून चार, सगळ्यांत फायदा. मधे झालं काय, तर गुठळी पकडून ओढणारी जाळीची नवीन साधनं आली, आणि पेशंट निवडताना आधी अँजिओ करून मोठी नस खरंच बंद आहे ना हे बघायला लागले. मिस्टर क्लीनमध्ये ५०० पेशंट, स्वतःचं स्वतः करू शकणारे म्हणजे शून्य ते दोनवाले तार घातलेल्यांत ३२.६ टक्के आणि न घातलेल्यांत १९.१ टक्के. फायदा मोठा आहे. पण बघ, तार घालूनही तीनातले दोन जण तिथवर पोचले नाहीत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते इंजेक्शनही दिलेलंच होतं, तार म्हणजे इंजेक्शनऐवजी काहीतरी असं नव्हतं. आणि हे सगळे मोठी नस बंद असलेले पेशंट. तुझ्या डॉक्टरांनी मोठी नस उघडी म्हणून सांगितलं होतं. मग छोट्या फांद्यांतली गुठळी तारेने काढली तर? तेही करून बघितलंय, २०२५ मध्ये दोन ट्रायल एकदम छापून आले, डिस्टल आणि एस्केप-मेव्हो, मधल्या आणि लांबच्या नसांसाठी, दोन्हींत नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे त्या सकाळी तू बाबांना घेऊन मुलुंड, पवई, परळ करत फिरली असतीस तर तारेचा फायदा मिळायची शक्यता कमी आणि इंजेक्शनची वेळ मात्र गेली असती.

व्यायामाचं तर उलटंच निघालं. एव्हर्ट नावाचा ट्रायल, २०१५, २१०४ पेशंट. पहिल्या २४ तासांत लवकर उठवायचं, वारंवार उठवायचं, जास्त वेळ उभं करायचं असा एक गट, आणि नेहमीसारखं हळूहळू करणारा दुसरा. सगळ्यांना वाटत होतं पहिला जिंकणार. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले पहिल्या गटात ४६ टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. त्यामुळे पहिल्या दिवशी फिजिओने घाई केली नाही यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. पहिला दिवस आणि तिसरा महिना यात मात्र फरक आहे, आता आळस नको.

कारण तो ९० दिवसांचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण यात भाऊ चुकतोय आणि त्याचं नुकसान बाबांना होणार आहे. ९०वा दिवस हा ट्रायलवाल्यांनी ठरवलेला मोजायचा दिवस आहे. त्या दिवशी फॉर्म बंद होतो, आमचं काम संपतं, डेटा जातो. पेशंटचा हात त्या दिवशी फॉर्म बघून थांबत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि नंतर मंदावतो हे खरं, पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. हातासाठी तर एक ट्रायल मुद्दाम याच काळासाठी होता, एक्साइट, २००६, २२२ पेशंट, सगळे स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले, म्हणजे बरोब्बर तुझे बाबा. चांगल्या हाताला जागेपणी बहुतेक सगळा वेळ जाड हातमोजा घालून ठेवायचा, दोन आठवडे, आणि कमजोर हाताकडून रोज तासनतास कामं करून घ्यायची. हात सुधारला आणि वर्षभरानेही तो फायदा टिकलेला दिसला.

आता तू लिहिलंस बाबा डाव्या हाताने जेवतात. मी समजू शकते, वरण सांडतं, त्यांना लाज वाटते, आई म्हणते जाऊ दे डाव्याने खा. पण उजवा हात वापरलाच नाही तर मेंदूही त्याचा नाद सोडतो. तुम्ही घरच्या घरी लगेच मोजा बांधायला जाऊ नका हां, त्या ट्रायलमध्ये मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणारेच पेशंट घेतले होते, आणि चांगला हात अडकवलेला माणूस तोल गेला तर पडतो. फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला सरळ विचार की चांगला हात अडवून करायची थेरपी बाबांना जमेल का, कळव्या-नौपाड्यापासून वाशी-नेरुळपर्यंत थेरपिस्ट भरपूर आहेत, ज्याला हा प्रश्न ऐकून काय म्हणताय तेच कळलं नाही तो बदल. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट वेगळा लागतो, फिजिओच्या तासात ते उरकत नाही. जर्मनीत सहा महिने उलटून गेलेल्या वाचाघाताच्या पेशंटना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी दिली, २०१७ मध्ये निकाल आला, रोजच्या संभाषणात फरक पडला. आठवड्याला दहा तास, लक्षात घे. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास आणि बाकी "घरी बोलत जा" याला थेरपी म्हणत नाहीत, माझं मत.

आईला मात्र एक सांगायचंय. अटेंड नावाचा ट्रायल आपल्याच देशात झाला, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून पेशंटचे व्यायाम करून घ्यायचे अशी कल्पना होती. सहा महिन्यांनी दुसऱ्यावर अवलंबून असलेले किंवा दगावलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. काही फरक नाही. म्हणजे आई कमी पडतेय म्हणून बाबा मागे राहिले असं जर घरात कुणी म्हणत असेल, किंवा आई स्वतःच मनात म्हणत असेल, तर ते काढून टाका. तिने करायचं ते करावं, पण थेरपिस्टचं काम तिच्या डोक्यावर टाकू नका.

आणि त्या बांगड्या. ओळखीचे कोणतं औषध म्हणतायत ते तू नाव लिहिलं नाहीस, पण मेंदूच्या ताकदीचं म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा सिटीकोलीन असतं. त्याचा मोठा ट्रायल झालाय, इक्टस, २०१२, २२९८ पेशंट, युरोपात. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत सुरू करून सहा आठवडे दिलं, आणि मधेच आकडे बघून ट्रायल थांबवला कारण पुढे चालवून फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. नुकसान नाही, फायदाही नाही. ऐन स्ट्रोकमध्ये दिलेलं असं, तर तीन महिन्यांनंतर दहा दिवसांच्या कोर्सने काय होणार? दुसरं एखादं नाव असेल तर एकच प्रश्न विचार: याने स्वतःचं स्वतः करणाऱ्यांची संख्या वाढली असं दाखवणारा मोठा ट्रायल आहे का, "आमच्या पेशंटना बरं वाटतं" हे उत्तर चालणार नाही. तेच पैसे स्पीच थेरपीला जाऊ देत, बांगड्या आईच्या हातात राहू देत.

बाबा मधेच रडतात हे न्यूरॉलॉजिस्टना सांगितलंस का? नसेल तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नको. स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, साधारण तीनात एकाला, आणि उदास माणूस व्यायाम करत नाही. गोळी लागली तर द्या. फक्त ती गोळी हातासाठी आहे असं कुणी सांगितलं तर ते नाही. फ्लुओक्सेटिनने हात सुधारतो असं २०११ मध्ये ११८ पेशंटच्या एका ट्रायलने दाखवलं होतं, केवढा गाजावाजा, मग २०१८ मध्ये फोकस आला, ३१२७ पेशंट, हातापायाला काही फायदा नाही आणि हाडं मोडायचं प्रमाण थोडं जास्तच. डॉक्टरांनी डिप्रेशनसाठी चालू केलेली असेल तर हे वाचून बंद करू नका, तो वेगळा विषय आहे.

याच्या उलट, ज्याचा स्क्रीनशॉट कुणी कधी पाठवत नाही ती बीपीची गोळी. प्रोग्रेस ट्रायल, २००१, ६१०५ पेशंट, आधी स्ट्रोक किंवा छोटा झटका येऊन गेलेले. चार वर्षांत परत स्ट्रोक बीपीची औषधं घेणाऱ्यांत १० टक्के, न घेणाऱ्यांत १४ टक्के. बीपीची, रक्त पातळ राहायची, कोलेस्टेरॉलची, जी काही डॉक्टरांनी लिहून दिलीत ती "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद होणार नाहीत एवढं बघ, रविवारी आठवड्याचा डबा भरून ठेवलास तरी काम होतं.

भावाबद्दल. तो बंगळुरूत बसून वाचतोय कारण त्या सकाळी तो इथे नव्हता, आणि न पोचलेल्या माणसाला काहीतरी चुकलंच असणार असं वाटणं सोपं जातं. हे मी खूप घरांत बघितलंय, लांबचा मुलगा विमानतळावरून थेट येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, हे कुणी ठरवलं. त्याला हे उत्तर पाठव हवं तर. आणि कामाला लाव. स्पीच थेरपीची फी त्याची. रोज संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बाबांकडून बोलून घ्यायचं, क्रिकेटवर, नातवावर, कशावरही, वाक्य त्याने पुरं करून द्यायचं नाही, थांबायचं. वर्क फ्रॉम होम मिळत असेल तर महिनाभर इथे येऊन राहावं त्याने, मग तुम्ही भांडा काय भांडायचं ते, निदान समोरासमोर.

परत कधी तसं झालंच, बाबांना किंवा आईला किंवा कुणालाही, तर तोंड वाकडं, एक हात खाली पडणं, बोलणं बोबडं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ किंवा जी गाडी आधी मिळेल ती. "शेवटचं ठीक कधी बघितलं" ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटीशिवाय कळत नाही. रात्री झोपेत झालं, किती वाजता ते माहीत नाही, आता काय उपयोग असं म्हणून घरी थांबायचं नाही, अशा पेशंटना एमआरआय बघून इंजेक्शन देता येतं हे २०१८च्या वेक-अप ट्रायलने दाखवलंय, आणि मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटना २४ तासांपर्यंत तार घालूनही फायदा होतो, तेही त्याच वर्षी छापलंय. तुमच्या बाजूला चोवीस तास सीटी आणि स्ट्रोकचा डॉक्टर कुठे आहे, तार घालायची सोय कुठे आहे, हे आत्ताच फोन करून विचारून ठेव, कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहून शोधायची वेळ येऊ नये.

लग्नाला न्या की. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पण मला तरी न नेण्याचं कारण दिसत नाही. ट्रान्स हार्बरच्या लोकलने नको, ठाण्याला चढताना धक्काबुक्की होते, गाडीने ऐरोलीवरून जा. दुपारच्या गोळ्या पर्समध्ये ठेव, हॉलमध्ये बसायची जागा बाथरूमच्या जवळची बघ, आणि पंगतीत कुणी भरवायला पुढे आलं तर नको म्हण, उजव्या हातात चमचा दे आणि सांडू दे.